शरीरातला छुपा दाह आणि आपलं इंदुरी खाणं-पिणं

माळव्यातली

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. मी इंदुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली आपली माणसं आजकाल एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, इन्फ्लमेशनवर काय घ्यायचं?" कोणाला फोनवर हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात आलेली असते, कोणी उपाशीपोटी कसला तरी काढा सुरू केलेला असतो. काहीतरी घेतलं की हे इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, जाईल, असं सगळ्यांनी धरूनच चालवलंय, आणि त्याची मला काळजी वाटते.

दाह हे मुळात शरीराचं संरक्षण आहे. बोट कापलं की तिथे लाली येते, गरम लागतं, सूज येते, ठणकतं आणि चार-सहा दिवसांत सगळं ओसरतं. हा दाह आपल्याला हवाच. त्रास देतो तो दुसरा. जंतू नाही, जखम नाही, तरी रोगप्रतिकारक पेशी शांत होत नाहीत. राखेखाली निखारा धुमसत राहावा तसं हे वर्षानुवर्षं चालतं. ताप येत नाही, दुखत नाही, म्हणून कळत नाही. पण रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होत जातं, इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत, यकृतात चरबी साठली असेल तर ती जास्त त्रासदायक ठरते.

याचा एक मोठा उगम आपल्या पोटात आहे. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, असंच पूर्वी मानत. १९९३ साली होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचं दाह वाढवणारं रसायन तयार होतं आणि त्याने इन्सुलिनचं काम अडतं. त्वचेखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची चरबी यात जास्त उपद्व्यापी. म्हणून मी आधी काढा विचारत नाही, टेप काढते. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. वजनकाट्यावर ती निभावून जाते, टेपवर नाही.

आपल्या शहरात सकाळ पोहे-जलेबीने उघडते आणि रात्र सराफ्याच्या खाऊबाजारात मिटते. त्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, यावर बोलू या. अनुभव लिहा, शंका विचारा.

जीरावन

ताई, पोहे सोडणं जमणार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या इंदुरात आहेत. भांड्याच्या वाफेवर ठेवलेले पोहे, वरून शेव, कांदा, जीरावन मसाला, डाळिंबाचे दाणे. बाकी सांगाल ते करू. आणि मराठी घरांत पोहे काही इंदुरात आल्यावर सुरू झालेले नाहीत!

माळव्यातली

जीरावनदादा, पोहे सोडा असं मी कोणालाच सांगत नाही. पोहे हा हलका, चांगला पदार्थ आहे. अडचण सोबत्यांची आहे. पोह्यांत स्टार्च जास्त आणि चोथा (फायबर) बेताचा, त्यावर मूठभर तळलेली शेव, बाजूला पाकातली जलेबी आणि शेवटी गोड चहा. रक्तातली साखर झपकन चढते, तितक्याच झपकन उतरते आणि अकरा वाजता पुन्हा कचोरी आठवते.

त्यापेक्षा उसळ-पोहे खा. तेही इंदूरचेच. मोड आलेली मटकी किंवा मूग वाटीभर, पोहे तिच्याहून थोडे कमी, शेंगदाणे, वरून लिंबू-कोथिंबीर, शेव चवीपुरती. जलेबी सणावारी. कडधान्यांत १०० ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम चोथा असतो. तो आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात आणि त्यापासून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य अन्न. अस्तर धडधाकट असलं की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत, आणि ते झिरपणं हेही या दाहाचं एक कारण समजलं जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा हवा. मी लोकांचा दिवसभराचा आहार लिहून घेते तेव्हा बहुतेकांचा याच्या निम्माही भरत नाही.

रात्रीच्या जेवणातही आधी कोशिंबीर-भाजी-वरण आणि मग पोळी-भात, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. खर्च काहीच नाही.

राजेंद्रनगरकर

नमस्कार. निवृत्त आहे, वय ६८. मागच्या आठवड्यात 'फुल बॉडी' पॅकेज केलं. सीआरपी १४ आलं, पुढे लाल बाण. ईएसआरसुद्धा जास्त आहे. मुलगा म्हणतो हृदयाचा धोका. दोन रात्री झोप नाही. त्याच्या आधी चार-पाच दिवस सर्दी-ताप होता, आता बरा आहे. काय समजायचं?

लॅबवाली

काका, मी पॅथॉलॉजीत आहे. या एका आकड्यावरून हृदयाबद्दल काहीच ठरत नाही, तेव्हा आज रात्री शांत झोपा.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि कुठल्याही संसर्गात वाढतं. साध्या सर्दी-तापातही. हृदयाच्या धोक्यासाठी जी तपासणी असते ती एचएस-सीआरपी, म्हणजे तेच प्रथिन पण फार थोड्या प्रमाणातही मोजता येणारी पद्धत. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर आलं तर संसर्ग किंवा दुसरं कारण शोधायचं आणि बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घेणं चांगलं. तुमचा ताप नुकताच गेला आहे, त्यामुळे तुम्ही दोन-तीन आठवडे थांबून परत करा. तेव्हाही जास्त आलं तर मात्र डॉक्टरांना दाखवाच, तसंच सोडून देऊ नका.

रिपोर्टवर एकक बघायला विसरू नका. काही ठिकाणी लिटरला मिलिग्रॅम लिहितात, काही ठिकाणी डेसिलिटरला. दहापट फरक पडतो. ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग, तर वयानुसार वाढतो, रक्त कमी असलं तरी वाढतो, नुसत्या त्या आकड्यावरून घाबरू नका.

ज्याला काही तक्रार नाही त्याने दर सहा महिन्यांनी सीआरपी करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅकेजमध्ये ते घालतात कारण लाल बाण आला की माणूस पुढच्या दहा तपासण्या करतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ताईंनी सांगितलेली कंबर, याच्याकडे आधी बघा.

राजेंद्रनगरकर

फार आभार, ताई. एकक लिटरचंच आहे. तीन आठवड्यांनी करतो.

फिरस्ता

खरा गुन्हेगार तेल आहे, त्यावर कोणी बोलत नाही. आपल्या माळव्यात सोयाबीन आलं आणि घरोघरी रिफाइंड सोया तेल शिरलं. ओमेगा-६ मेदाम्लांनी भरलेलं. ओमेगा-६ म्हणजेच दाह. सगळं बंद करा, घाण्याचं तेल आणि तूप खा. आपले आजोबा ज्वारीची भाकरी आणि तूप खाऊन ९० वर्षं जगले.

माळव्यातली

फिरस्तादादा, तुमची कळकळ कळते, आणि ज्वारीबद्दल तर मी तुमच्याच बाजूची आहे. सोयाबीन यायच्या आधी खरिपात इथे ज्वारी केवढी व्हायची, हे जुन्या लोकांकडून ऐकलंय. ती ताटात परत यावी असं मलाही मनापासून वाटतं.

पण तेलाचं गणित इतकं सरळ नाही. सोया तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, हे ओमेगा-६ खरं. त्यापासून शरीरात दाहाची काही रसायनं बनू शकतात, हेही खरं. म्हणून कागदावर तर्क बरोबर दिसतो. मात्र निरोगी माणसांना जास्त लिनोलिक आम्ल देऊन जे प्रयोग झाले, त्यांत सीआरपीसारखे दाहाचे आकडे वाढलेले दिसले नाहीत. सोया तेलात थोडं ओमेगा-३ देखील असतं. शेंगदाणा, सोया, मोहरी, तीळ, कुठलंही घ्या, आलटून पालटून वापरा, प्रमाण मात्र आवरा. तुपाचंही तेच. दाल-बाफल्यांच्या रविवारी वाटीभर तूप ओतून "हे तर शुद्ध आहे" म्हणणं मला पटत नाही.

तेलातला खरा धोका कढईत आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून बनणारे घटक, साठतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवरही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. ट्रान्स फॅटने दाह आणि हृदयरोग दोन्ही वाढतात, यात शंका नाही. घरी तळण झालं की उरलेलं तेल फोडणीला एक-दोन दिवसांत संपवा, दुसऱ्या तळणाला ठेवू नका. बाहेर काळं, फेसाळलेलं तेल दिसलं तर पुढे चला, मग कचोरी कितीही नावाजलेली असो.

जीरावन

मग ऑलिव्ह ऑइल आणायचं का? सून म्हणते मेडिटेरेनियन डाएट सगळ्यात भारी. बाटली बघितली, किंमत बघून परत ठेवली.

माळव्यातली

परत ठेवलीत ते ठीकच. स्पेनमध्ये याच आहारावर प्रेडिमेड नावाचा मोठा प्रयोग झाला, सुमारे ७४०० माणसांवर. २०१३ साली आला, माणसांची गटांत वाटणी करताना काही केंद्रांवर गडबड झाली होती म्हणून पुन्हा हिशेब करून २०१८ साली परत छापला, निष्कर्ष जवळपास तोच राहिला: हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी. यात एका गटाला ऑलिव्ह तेल होतं आणि दुसऱ्या गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट. दोन्ही गटांना फायदा झाला. म्हणजे जादू त्या बाटलीत नव्हती. भाज्या, कडधान्यं, फळं, सुकामेवा, तेलबिया भरपूर, गोड आणि प्रक्रिया केलेलं मांस कमी, अशी ती सगळी थाळी होती. आपली थाळी तशी होऊ शकते: ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, चाकवत, अंबाडी, मटकीची उसळ, जवसाची चटणी, ताक, एक पेरू. मूठभर शेंगदाणे रोज खाल्ले तर तेही चालतील.

ताकावरून आठवलं. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. १० आठवडे आंबवलेले पदार्थ वाढवून खाणाऱ्यांच्या रक्तात दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली आणि आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण घरचं विरजण आपल्याकडे असताना जेवणात ताक घ्यायला काय हरकत आहे? साखर घातलेली लस्सी नव्हे, मीठही बेताचं.

रात्रपाळी

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर भागात नोकरी. संध्याकाळी सातला जाते, पहाटे चारला घरी. खाण्यात बऱ्यापैकी सांभाळते तरी पोट सुटलंय आणि साखर सीमारेषेवर आलीय. आमच्यासारख्यांनी काय करायचं? नोकरी सोडता येत नाही.

माळव्यातली

तुझं लिहिणं वाचून वाईट वाटलं, कारण तुझ्यासारखी बरीच मुलं-मुली इंदुरात आहेत आणि त्यांना सगळे फक्त "नीट खा" म्हणतात. झोप तुटली की दाह वाढतो. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतरही रक्तातल्या पेशींत दाहाचे संकेत वाढलेले प्रयोगांत दिसले आहेत. तेव्हा तुझ्यासाठी ताटाआधी झोप.

दिवसा झोपायची वेळ रोज एकच ठेव, सुट्टीच्या दिवशीही शक्यतो तीच. खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, घरच्यांना स्पष्ट सांग की या वेळात बेल वाजली तरी उठवायचं नाही. सात तास हवेत. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी कर. मध्यरात्रीनंतर पोट भरून जेवू नकोस. ताक, भाजलेले चणे, एखादं फळ, उकडलेलं अंडं खात असशील तर ते. शरीराचं घड्याळ रात्री साखर सांभाळायला तयार नसतं, तोच पराठा रात्री दोन वाजता जास्त महागात पडतो. सुट्टीला सराफ्यात जरूर जा, पण रात्रीचं जेवण करून वर गराडू (तळलेला कंद), मालपुवा आणि रबडी असं नको. गराडू किंवा भुट्ट्याचा किस खायचा असेल तर तेच जेवण समज, आणि मैत्रीण सोबत असेल तर दोघींत एक घे.

आणि चाल. आठवड्याला १५० मिनिटं तरी. इथे एक सुंदर गोष्ट आहे. इंटरल्युकिन-६ हे रसायन चरबीतून सतत पाझरतं तेव्हा दाहाचं मानलं जातं. तेच रसायन काम करणाऱ्या स्नायूंतून सुटतं तेव्हा दाह आवरणारी इंटरल्युकिन-१० सारखी रसायनं वाढवतं. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी यावर बरंच काम केलंय. म्हणजे वजन तसूभर हललं नाही तरी चाललेलं वाया जात नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं कॉलनीतच फेऱ्या मारल्या तरी साखरेला फरक पडतो. पिपल्यापाळ्याच्या पार्कात जायलाच हवं असं काही नाही.

दातांची_डॉक्टर

मध्येच बोलते, कारण हा मुद्दा नेहमी राहतो. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? येत असेल तर तोंडात रोजचा दाह चालू आहे. हिरड्यांच्या जुनाट आजारात सीआरपी वाढलेलं असतं, आणि मधुमेह व हिरड्या एकमेकांना बिघडवतात. २००७ साली एका प्रयोगात हिरड्यांचे कसून उपचार केल्यावर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं काम सुधारलेलं दिसलं.

मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात पहिली. तरी सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन मुलं माझ्यासमोर बसतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. घरात कोणी तंबाखू खात असेल, विडी-सिगरेट ओढत असेल, तर काढे आणि जवस बाजूला ठेवा, आधी ते सोडवा.

बडोद्याची_लेक

माहेर इंदूर, सासर बडोदा. आई तिकडे एकटी असते. तिला आमवात आहे, र्‍हुमॅटॉइड. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यायची. काल फोनवर कळलं की तिने गोळी बंद केली आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून हळद-मिरीच्या कॅप्सूल घेतेय. म्हणते, गोळीने केस गळतात आणि हळद तर आपलीच. मी वाद घातला तर रुसली. हळदीत खरंच तेवढी ताकद आहे का? कृपा करून कोणीतरी सांगा.

लॅबवाली

ताई, आज-उद्याच आईंना त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलतं करा. आमवातात रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. औषध बंद असताना सांध्याचं हाड झिजलं तर ते परत भरून येत नाही. इथे आहार हा सोबती आहे, औषधाची जागा तो घेऊ शकत नाही.

हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याला दाहावर गुणकारी मानतात ते द्रव्य, साधारण ३ टक्के. ते आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. मिरीतल्या पायपरीनने शोषण २० पट वाढलेलं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, म्हणूनच कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. पण जास्त शोषलं जातं तेव्हा त्रासही जास्त होऊ शकतो. हळदीच्या अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. मेथोट्रेक्सेटसाठीही यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. तेव्हा कॅप्सूल चालू आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. वरणातली, भाजीतली हळद खुशाल घ्या, त्याने काही बिघडत नाही.

केस गळण्यावर उपाय असतो. डॉक्टर फॉलिक आम्ल देतात, मात्रा बदलतात, औषधही बदलतात. गोळी पुन्हा सुरू करताना मनाने करू नका आणि रोज तर चुकूनही नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

माळव्यातली

लॅबवाली ताईंच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. आईंना रागावू नका. "हळद वाईट" म्हणून पटणार नाही. त्यांना म्हणा, भाजीतली हळद तशीच राहू दे, गोळीचा त्रास आपण दोघी मिळून डॉक्टरांना सांगू.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. २०१७ साली कॅन्टोस नावाचा प्रयोग आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले सुमारे १०,००० रुग्ण, सगळ्यांचं एचएस-सीआरपी वाढलेलं. त्यांना दाहाचा एक नेमका धागा तोडणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल तेवढंच राहिलं, तरी पुढचे झटके कमी झाले. दाह नुसता साक्षीदार नाही, कारणांपैकी एक आहे, हे त्यातून पक्कं झालं. पण त्या रुग्णांत जीवघेणे संसर्गही वाढले. दाह शून्यावर आणला तर पहारेकरीच उरत नाही. म्हणून 'दाह मुळापासून संपवा' अशी जाहिरात दिसली की मला भीती वाटते. चालणं, झोप, बारीक होणारी कंबर, यांनी फक्त नको असलेला दाह उतरतो, आणि संसर्गाशी लढायची ताकद जागेवर राहते.

बडोद्याची_लेक

आईशी बोलले. भाऊ शनिवारी तिला घेऊन जाणार आहे. कॅप्सूलची डबी सोबत न्यायला सांगितली आहे. तुम्हा दोघींचे उपकार.

राजेंद्रनगरकर

चातुर्मासात आमच्याकडे उपास फार. साबुदाण्याची खिचडी, वर फराळी चिवडा. ते कसं बसवायचं? आणि जवसाची चटणी कशी करता, तेही लिहा. बायको विचारतेय.

माळव्यातली

काका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपासाला मोरधन (वरई), राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही असं करा. खिचडी करायचीच तर लहान वाटीभर, सोबत दही-काकडी. फराळी चिवडा मात्र तळणच आहे.

जवस एक वाटी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. पाव वाटी तीळ वेगळे भाजा. सात-आठ लसूण पाकळ्या थोड्या तेलावर खरपूस करा, एक चमचा जिरं, तिखट, मीठ घालून सगळं गार झाल्यावर भरड वाटा. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून वाटायलाच हवेत. वाटल्यावर त्यातलं तेल लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. रोज एक-दोन चमचे भाकरीबरोबर. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यासारखं नसतं, शरीर त्याचा थोडाच भाग त्या रूपात बदलू शकतं, पण शाकाहारी घरासाठी ते आणि अक्रोड हे चांगले पर्याय हाताशी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. पाणी पुरेसं प्या, नाहीतर पोट जड होतं. वहिनींना सांगा, लसूण नको असेल त्या दिवशी आमसूल आणि थोडं सुकं खोबरं घालूनही छान होते.